द्वारका, तुझी दोन पानं

द्वारका, तू गेल्यापासून निदान चार जणांनी मला विचारलं, तुझी ती मैत्रीण काय करायची? मी सांगितलं, गणित शिकवायची, नेरूळला, अकरावी-बारावीला. उत्तर खोटं नाही. पण ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं तीन वर्षं फक्त आपल्या दोघींना ठाऊक आहे असं मी समजत होते, आणि आपण ते एकमेकींसमोरही बोलत नव्हतो.

आज सव्वा महिना झाला. तुझ्या दहाव्याला मी खाडीवर आले होते, मागे उभी होते. मला तुमच्यातलं काय करायचं, कुठे हात जोडायचे ते नीट कळत नव्हतं. तुझ्या कॉलेजातल्या मुली एका बाजूला घोळका करून उभ्या होत्या. त्यातली एक दुसरीला हळूच म्हणाली, ‘बाईंनी संभाव्यतेचा धडा अर्धाच सोडला गं.’ मला त्या मुलीच्या जवळ जाऊन काहीतरी सांगावंसं वाटलं. नाही गेले.

आणीबाणी उठली त्या वर्षी आपण पनवेलच्या कॉलेजात आलो. तू दिवाळ्याच्या कोळीवाड्यातून यायचीस, मी तुर्भ्याहून. वडील परभणीकडचं गाव सोडून ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले होते, आमचं कुटुंब नुकतंच तिथं आलं होतं. हजेरीत माझं आडनाव पुकारलं की पुढच्या बाकावरच्या दोघी-तिघी वळून बघायच्या, म्हणून मी शेवटच्या बाकावर बसायचे. तूही तिथंच बसायचीस, पण तुझं कारण वेगळं होतं. तुला अख्खा फळा एका नजरेत हवा असायचा. एकदा गणिताच्या सरांनी उदाहरण सोडवून खडू खाली ठेवला आणि मागून तुझा आवाज आला, ‘सर, तिसऱ्या ओळीत उणे हवं.’ सरांनी नाव विचारलं, गाव विचारलं. मग हसून म्हणाले, ‘दिवाळ्याची? म्हणजे घरी तराजू असेलच.’ वर्ग खिदळला. तू उभीच होतीस. म्हणालीस, ‘आहे ना सर. आणि तो चुकत नाही.’

सरांनी मुकाट्यानं उणे घातलं. मी त्या दिवशी माझी वही तुझ्या बाजूला सरकवली आणि पुढची तीन वर्षं ती तिथंच राहिली.

तुझ्या घरी मी पहिल्यांदा आले तेव्हा तुझी आई बाजारातून टोपली रिकामी करून परतली होती आणि ओसरीवर पाय पसरून बसली होती. मला बघून म्हणाली, ‘बस गो बाय. कंची तू?’ मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. परभणी कुठे ते तिला माहीत नव्हतं. ‘तिकरं समुद्र हाय?’ तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिला माझी खरोखर कीव आली. जाताना तिनं सुक्या बोंबलांचा एक जुडगा कागदात गुंडाळून दिला. आमच्या चाळीत त्याचा वास आठवडाभर होता, आणि वडील रोज जेवताना विचारायचे, ‘त्या पोरीच्या मायकडं परत कधी जायलीस?’

पुढे तू गणित घेऊन एम.एस्सी. झालीस, मी सूक्ष्मजीवशास्त्र घेतलं. तू शिकवायला लागलीस. मी तळोज्याच्या एका औषध कारखान्यात लागले. त्या कारखान्यात मातीतले जिवाणू मोठमोठ्या टाक्यांत वाढवून त्यांच्यापासून प्रतिजैविकं काढत. माझी तात्पुरती नेमणूक प्रयोगशाळेत झाली. आमच्या प्रमुखांना सगळे डॉक्टरसाहेब म्हणत. रुजू होताना त्यांनी माझ्याकडून एका कागदावर सही घेतली होती. इथलं कुठलंही काम, कुठलाही आकडा बाहेरच्या माणसाला दाखवणार नाही, अशी ती सही. मी ती वाचून केली होती, हे इथं लिहून ठेवते.

काही वर्षांनी कारखान्यानं डीएनएचं काम सुरू करायचं ठरवलं. जो जिवाणू आम्हाला औषध देतो त्याचा डीएनए काढायचा, एन्झाइमनं कापायचा आणि तुकडे तपासायचे. ज्या तुकड्यात औषध बनवायची किल्ली आहे तो शोधायचा. डॉक्टरसाहेबांचं सगळं आयुष्य टाक्यांत गेलेलं, त्यांनाही हे नवं होतं. काम माझ्याकडे आलं. एन्झाइमची छोटीशी कुपी परदेशातून बर्फात येई, मागवल्यापासून पाच-सहा महिन्यांनी. ती मी दोन्ही हातांत धरून फ्रीजपर्यंत नेत असे.

त्याच दिवसांत मी एका रविवारी तुझ्याकडे आले. आपण धक्क्यावर बसलो होतो. शेजारी जाळी वाळत होती, दोघंजण होडीला डांबर फासत होते. मी तुला सांगत होते, डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला लांबच लांब दोरा. ए, टी, जी, सी. हे एन्झाइम त्या दोऱ्यावर एकच सहा अक्षरी शब्द ओळखतं, जीएएटीटीसी. तो जिथं दिसेल तिथं कापतं, एरवी हात लावत नाही.

‘मग तुकडे केवढे पडतील?’ तू विचारलंस.

‘ते कापल्यावर कळेल.’

‘कापायच्या आधी नाही कळत?’

मी म्हटलं, दोऱ्यावर काय लिहिलंय तेच कोणाला माहीत नाही, तर आधी कसं कळणार?  तू माझ्या हातातला चण्याचा कागद घेऊन त्याच्या मागे लिहायला लागलीस. एका जागी हवं ते अक्षर यायची शक्यता चारांतली एक. लागोपाठ सहा जागी हवी ती सहा यायची, तर चार गुणिले चार, असं सहा वेळा. चार हजार शहाण्णव. ‘म्हणजे चार हजार अक्षरांमागे सरासरी एक काप,’ तू म्हणालीस. ‘काही न वाचता एवढं सांगता येतं.’

मला ते फार आवडलं. मी म्हटलं, म्हणजे जेलवर, त्या पातळ थरात जिथं लांब तुकडे वर अडकतात आणि बारके खाली सरकतात, सगळे चार हजारांच्या आसपास दिसतील. तू हसलीस, आणि मला घरी घेऊन गेलीस.

भावाच्या मुलांच्या लुडोतला फासा काढलास. आईला म्हणालीस, ‘आये, टाक. सहा पडला की थांब, कितव्यांदा पडला ते सांग, मग परत टाक.’ आईनं विचारलं, कशाला? ‘विशाला शिकवायचंय.’ मग तुझी आई फासा टाकत बसली आणि मी आकडे लिहीत बसले. चार. एक. दोन. एक. अकरा. तीन. एक. एकोणीस. एकोणीसच्या वेळी आई चिडली, ‘काय मेला सहा रुसला की काय!’ चाळीस आकडे झाल्यावर तू सरासरी काढायला लावलीस. सहाच्या जवळ आली. पण यादीत सहा हा आकडा दोनदाच होता. सगळ्यात जास्त वेळा आला होता एक.

‘तुझे तुकडेही असेच असतील,’ तू म्हणालीस. ‘बारके पुष्कळ. मोठे थोडे. शंभरातले सदतीस सरासरीहून लांब, बाकी आखूड. आणि एखादा इतका लांब की तुला वाटेल एन्झाइम झोपलं होतं. सरासरी म्हणजे सगळ्यांचं माप नव्हे गो.’

मी चार महिने त्या आकड्याच्या भरवशावर काम केलं. डॉक्टरसाहेबांना लिहून दिलं, तुकड्यांची सरासरी लांबी चार हजार येईल, बहुतेक डीएनए पंधरा हजारांच्या खाली उतरेल. मग पहिलं जेल झालं. ज्याचे तुकडे आधीच माहीत आहेत असा विषाणूचा डीएनए एका रांगेत, आमच्या जिवाणूचा दुसऱ्या रांगेत. दिवा लावला. विषाणूच्या रांगेत नीट रेघा दिसत होत्या. आमच्या रांगेत एक धुरकट पट्टा होता आणि तो सगळा वरच खोळंबला होता. वीस हजार, तीस हजार, त्याच्याही वर. खाली जवळजवळ अंधार.

पुन्हा केलं. तिसऱ्यांदा केलं. तसंच.

डॉक्टरसाहेब म्हणाले, ‘विषाणू कापला गेला म्हणजे एन्झाइम चांगलं आहे. मग चूक तुमच्या डीएनएत आहे. घाण राहिली आहे, त्यामुळे अर्धवट कापलं जातंय. तीन वेळा तीच चूक?’ मी म्हटलं, सर, मी स्वच्छ केला होता. ते म्हणाले, ‘मग तुमचा तो चार हजारांचा आकडा चूक आहे का?’  दुसऱ्या दिवशी हातात कागद आला. कामातल्या निष्काळजीपणाबद्दल महिन्याभरात लेखी खुलासा द्यावा, त्यानंतर नोकरी कायम करण्याबाबत विचार होईल. तेव्हा वडिलांची छाती कारखान्यातल्या धुरानं निकामी होऊन ते घरी बसले होते. धाकटा भाऊ शिकत होता. हे तुला सांगायची गरजच पडली नाही, तू आमच्या घरी येत-जात होतीस.

मी जेलवरची मापं एका कागदावर उतरवली, तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि कारखान्याच्या फाटकातून बाहेर पडले. सही मोडली ती त्या संध्याकाळी. थेट तुझ्या कॉलेजात आले. मुलं गेली होती. तू वर्गात एकटीच पेपर तपासत होतीस.

तू मापं बघितलीस. बराच वेळ. मग विचारलंस, ‘चारही अक्षरं सारख्याच वेळा येतात, हे तुला कोणी सांगितलं?’

मी म्हटलं, ‘तूच.’

‘मी सांगितलं नाही. मी विचारलं होतं. तू हो म्हणालीस.’

‘तू विचारलंच नव्हतंस.’

त्यावरून आपण पुढे कितीदा भांडलो! कधी हसत, कधी खरंच तावातावानं. आज सांगते. तू विचारलं होतंस. धक्क्यावर, कागदावर पहिला चार लिहिताना. ‘चारही सारखीच ना?’ आणि मी होडीकडे बघत म्हटलं होतं, ‘हो, धर तसंच.’ मला हे त्या दिवशी वर्गातच आठवलं होतं. तरी मी नाही म्हणत राहिले, कारण एवढीशी चूक कबूल केली असती तर निष्काळजीपणाचा तो कागद खरा ठरला असता, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं.

आणि खरी लाजेची गोष्ट पुढेच होती. आमच्या त्या मातीतल्या जिवाणूत जी आणि सी फार असतात, शंभरात सत्तर, हे मी एम.एस्सी.लाच शिकले होते. परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. फक्त तो आकडा आणि तुझा चण्याचा कागद माझ्या डोक्यात कधी एकमेकांना भेटले नव्हते. मी ते सांगितलं तशी तू पेपरांचा गठ्ठा बाजूला सारलास.

‘मग जी पस्तीस, सी पस्तीस, ए पंधरा, टी पंधरा. तुझ्या शब्दात सहांपैकी चार अक्षरं दुर्मीळ वाणाची आहेत. तो शब्द सापडणारच कमी वेळा.’ तू गुणाकार केलास, उलटा केलास, दुसऱ्यांदा तपासलास. सोळा हजार एकशे पंचवीस. ‘तुझं एन्झाइम पूर्ण कापतंय, विशा. दोराच तसा आहे.’

मी रडायला लागले. तू म्हणालीस, ‘थांब. साहेब एवढ्यावर ऐकणार नाहीत. ते म्हणतील, जुळवून आणलं. असा शब्द ओळखणारं एन्झाइम आहे का, ज्यात सगळी जी आणि सीच आहेत?’

होतं. सीसीसीजीजीजी ओळखणारं. आमच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या कामासाठी मागवलेली त्याची अर्धी कुपी होती. तू आकडा काढलास, पाचशे चव्वेचाळीस. ‘हे घाल. सगळ्याचा खिमा व्हायला हवा. झाला तर तुझा डीएनए स्वच्छ आहे. नाही झाला तर तुझे साहेब बरोबर आणि मी चूक.’

आणि मग तू पेपरांच्या कोऱ्या पुरवण्यांतून दोन पानं काढून सगळी मांडणी लिहून दिलीस. शेवटी एक ओळ लिहिलीस, ‘हे सर्व, शेजारची अक्षरं एकमेकांपासून स्वतंत्र आहेत असे गृहीत धरून. ते खरे असेलच असे नाही.’ मी म्हटलं, ही ओळ कशाला, साहेबांना शंका येईल. तू म्हणालीस, ‘शंका यावी म्हणूनच.’

ते जेल मी कधीच विसरणार नाही. दिवा लावला आणि वरचा सगळा धूर गायब झाला होता. पट्टा खाली, अगदी तळाशी, पाचशेच्या खुणेभोवती पसरला होता. मी त्या अंधाऱ्या खोलीत एकटी उभी राहून मोठ्यानं तुझं नाव घेतलं.

डॉक्टरसाहेबांनी दोन्ही जेलचे फोटो आणि तुझी मांडणी टेबलावर ठेवून अर्धा तास वाचली. मांडणी मी माझ्या अक्षरात पुन्हा लिहून काढली होती. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, ‘हे गणित कोणी केलं?’

मी म्हटलं, ‘मी, सर.’

दुसरं काय म्हणणार होते, असं मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगितलं आहे. सही मोडल्याचं कबूल केलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. हे खरं आहे. पण त्यानंतर दुसरा दिवस होता, तिसरा होता. महिन्यानं नोकरी कायम झाली. तेव्हा सांगता आलं असतं. ते ‘शाबास’ म्हणाले होते, द्वारका. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी कामाबद्दल मला शाबास म्हटलं होतं आणि ते मला परत द्यायचं नव्हतं.

तू विचारलंस, ‘माझ्या दोन पानांचं काय झालं?’ मी म्हटलं, ‘खूप उपयोग झाला.’ तू माझ्याकडे जरा बघितलंस आणि आईच्या दुखऱ्या गुडघ्याबद्दल बोलायला लागलीस.

दोन वर्षांनी ते काम एका परिषदेच्या पुस्तिकेत छापून आलं. दोन नावं होती, डॉक्टरसाहेबांचं आणि माझं. पुस्तिका वडिलांनी उशाशी ठेवली होती. तू आलीस तेव्हा मी गॅसपाशी चहा ठेवत होते. वडील तुला म्हणाले, ‘हे बघ, आमच्या पोरीनं समदा हिशेब मांडलाय. मला कळंना, पण साहेब लई खूश झालेत म्हनं.’ मी वळून बघितलं. तू पान उलटत होतीस. शेवटच्या परिच्छेदापाशी तुझं बोट थांबलं. तुझी ती ओळ तिथं होती, इंग्रजीत, पण शब्दाला शब्द. शेजारची अक्षरं स्वतंत्र आहेत असं गृहीत धरून.

तू पुस्तिका मिटून वडिलांच्या हातात दिलीस. ‘छपाई छान आहे काका,’ म्हणालीस. चहा घेतलास. कप धुऊन पालथा घातलास. निघालीस.

त्यानंतर तू भांडायला आली असतीस तर बरं झालं असतं. तू आली नाहीस. मी दोनदा नेरूळच्या बसमधून तुझ्या थांब्यावर उतरले आणि पुढच्या बसनं परतले. असे नऊ-दहा महिने गेले.

तुझ्या आजाराचं मला तुझ्या भावानं सांगितलं. तो तुर्भ्याला शोधत आला होता. ‘ताईच्या अंगावर काळं-निळं उठतंय, रक्तच बनत नाय म्हनतात, तुमी येता का?’ मुंबईच्या इस्पितळात तू खिडकीजवळच्या खाटेवर होतीस. दंडावर मोठाले डाग. मला बघून म्हणालीस, ‘ये. किती वाळलीस.’ हे तू मला म्हणालीस.

डॉक्टर येऊन गेले. हाडांतल्या मगजानं रक्त बनवायचं थांबवलंय, हा आजार लाखात एखाद्यालाच होतो, असं काहीतरी बोलले. ते गेल्यावर तू म्हणालीस, ‘मुंबईत कोटभर माणसं. म्हणजे शंभर निघाले. कुणीतरी असणारच होतं.’

‘पण तूच का?’ मी म्हटलं.

‘ते आईला विचारू दे. तू नको विचारूस, तुला गणित येतं.’

मला राग आला. तुझ्यावर, डॉक्टरांवर, त्या लाखावर. मी तुझा हात धरला, जपून, कारण जोरात धरला तर डाग पडेल. आणि सुरुवात केली, ‘द्वारका, ती पानं...’

तू डोळे मिटलेस. ‘आत्ता नको, विशा. आत्ता तू लगेच हरशील. आजारी माणसाला सगळे जिंकू देतात. मी घरी आले की भांडू.’

मी बरं म्हटलं. एकोणीस दिवसांनी तू गेलीस.

दहाव्यानंतर चार दिवसांनी मी परत दिवाळ्याला आले. तुझी आई ओसरीवर बसली होती, समोर टोपली नव्हती. मी तिच्यापाशी जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. तिला समजेल असं सांगायला बराच वेळ लागला. जिवाणू, दोरा हे मी सोडून दिलं. म्हटलं, माझी नोकरी जाणार होती. द्वारकानं एक अवघड गणित सोडवून ती वाचवली. साहेबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, मी सोडवलं. ते छापून आलं, त्यात तिचं नाव नाही.

ती ऐकत होती. मग म्हणाली, ‘मना म्हाईत व्हतं.’

मी दचकून बघितलं.

‘ती त्या दिशी तुमच्याकरशी आली ना, ती जेवली नाय. मी इचारलं, काय झाला गो? तवा बोलली, इशानं माजं गनित घेतलं. मी बोलले, मंग जा नं माग. तर बोलली, तिचा बाप लय खुशीत व्हता आये, त्याच्या म्होरं कसा मागू?’

खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात रुतलेल्या होड्यांकडे बघत आपण बसायचो तसंच मी बसले. तुझ्या आईनं मला जवळ घेतलं नाही, हाकललंही नाही. मग म्हणाली, ‘आता त्या कागदावर तिचा नाव घालता येल?’

मी म्हटलं, ‘विचारते.’

‘इचारू नको. सांग.’

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब आल्या आल्या मी त्यांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सांगितलं. जेलची मापं मी बाहेर नेली, गणित माझ्या मैत्रिणीचं, ती गणिताची शिक्षिका होती, गेल्या महिन्यात वारली. त्यांनी चष्मा काढून ठेवला.

‘सही केली होती ना तुम्ही?’

‘हो सर.’

‘मग तीन वर्षांनी आज का सांगता?’

‘ती होती तोवर माझ्याच्यानं झालं नाही, सर.’

ते म्हणाले, लेखी द्या. मी दिलं. त्याची शिक्षा झाली, व्हायलाच हवी होती. या वर्षीची बढती थांबली, फाइलला ताकीद लागली. वडिलांना मी कारणासकट सांगितलं.  संध्याकाळी त्यांनी उशाशी ठेवलेली पुस्तिका उचलून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘हे दुरुस्त करून आण, मगच इथं ठेव.’

परिषदेला शुद्धिपत्र पाठवलं आहे. ते छापतील की नाही माहीत नाही. आमच्या कारखान्याच्या अहवालात मात्र डॉक्टरसाहेबांनी स्वतः चिठ्ठी डकवली. तुझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि पुढे ‘गणिती मांडणी’. ती डकवून झाल्यावर डिंकाचं बोट पुसत ते जे बोलले, ते तुला सांगायला मी आज हे सगळं लिहायला बसले.

म्हणाले, ‘तुम्ही विचारलं असतंत, तर मी परवानगी दिली असती. आम्हाला तशा माणसाची गरजच होती.’

 मी खोलीबाहेर येऊन फ्रीजजवळच्या स्टुलावर बसून राहिले. 

परवा त्यांनी एक नवा कागद पाठवला. नवीन मातीतून नवीन जिवाणू आला आहे. त्याची अक्षरं कुठल्या प्रमाणात आहेत, शेजारची अक्षरं एकमेकांवर अवलंबून आहेत की नाहीत, कोणालाच ठाऊक नाही. माझी मांडणी दुसऱ्याच पायरीवर अडली. कागदावर टाइप केलेलं आहे, या कामासाठी प्रयोगशाळेबाहेरील गणितज्ञाचा सल्ला घेण्यास परवानगी देण्यात येत आहे. खाली त्यांची सही आहे, शिक्का आहे. सल्लागाराच्या नावाची जागा मी भरायची म्हणून रिकामी ठेवली आहे.